मालवाहू वाहनांचा वारसा आणि ‘मूळ रूपा’चा आग्रह : जुन्या टेम्पो-मॅटाडोरच्या जतनासंबंधी एक चिकित्सा

सारांश : जुन्या वाहनांचे जतन व प्रदर्शन करणारी हौशी मंडळींची परंपरा आपल्याकडे अर्धशतकाहून जुनी आहे. तथापि या परंपरेचे केंद्र संस्थानिकांच्या व धनिकांच्या मोटारगाड्या हेच राहिले आहे. घरोघरी व दुकानोदुकानी माल पोचविणाऱ्या वाहनांना तेथे अपवादानेच स्थान मिळते. हा अभाव केवळ आवडीनिवडीचा नसून तो ‘मूळ रूप’ या निकषातून आलेला आहे, आणि हा निकष मालवाहू वाहनाच्या स्वरूपाशी विसंगत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी महाराष्ट्रात तयार झालेल्या तीनचाकी टेम्पो व मॅटाडोर या वाहनांचा, तसेच विंटेज वाहनांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : मालवाहू वाहने, टेम्पो, मॅटाडोर, विंटेज, वारसा, जतन, मूळ रूप.

१. प्रास्ताविक

माजलगाव शहराला रेल्वे नाही. मनमाड-काचीगुडा मार्गावरील सेलू, मानवत रोड, परभणी ही स्थानके गोदावरीच्या पलीकडे आहेत. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीडलाही रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली तेव्हा. साहजिकच या परिसरातील कापूस, ज्वारी, ऊस, किराणा, सिमेंट, औषधे असे सारे काही रस्त्यानेच आले आणि गेले. कल्याणहून अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड असा निर्मळकडे जाणारा महामार्ग या शहरावरून जातो. ज्या गावाचा व्यापार केवळ चाकांच्या वाहनांवर उभा राहिला, त्या गावाच्या इतिहासलेखनात मालवाहू वाहनाला काय स्थान असावे, हा प्रश्न म्हणूनच येथील अभ्यासकाला परका वाटू नये.

या प्रश्नाचे एक उत्तर भाषेनेच देऊन ठेवले आहे. आपण आज कोणत्याही लहान मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणतो. ती गाडी टाटांची असो, महिंद्रांची असो वा अशोक लेलँडची असो, बोलणाऱ्याच्या तोंडी ‘टेम्पो’ हाच शब्द येतो. वस्तुतः टेम्पो हे हॅम्बुर्ग परिसरातील फिडाल अँड सोन या जर्मन कंपनीच्या वाहनांचे व्यापारी नाव होते. ज्या वाहनामुळे हे नाव मराठीत आले ते वाहन रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. नाव मात्र सामान्यनाम होऊन मागे उरले. एखाद्या वस्तूने लोकजीवनात किती खोल मूळ धरले होते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल. असे असूनही जुन्या वाहनांच्या प्रदर्शनात हे वाहन शोधावे लागते. हे असे का व्हावे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. टेम्पो आणि मॅटाडोर : अल्प इतिहास

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात परदेशी कंपन्यांच्या केवळ जोडणीच्या उद्योगाला उतरती कळा लागली. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून शेवरोलेच्या मोटारी व ट्रक यांची जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास येथील काम थांबविले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कुर्ला येथील ट्रक आणि टाटा-मर्सिडीज बेंझचे १९५४ पासूनचे ट्रक यांनी लांब पल्ल्याच्या वाहतुकीची गरज भागविली. परंतु मोठ्या बाजारपेठेतून गल्लीतील दुकानापर्यंत माल नेण्याचे काम अजूनही बैलगाडी, हातगाडी आणि हमालाची पाठ यांच्याकडेच होते.

ही पोकळी भरून काढण्याचे श्रेय नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्याकडे जाते. स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतलेल्या आणि व्यवसायाने वकील असलेल्या फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज समूहाच्या सहभागाने व जर्मन कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. आरंभी गोरेगाव येथे आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे तिचे उत्पादन होत असे. कंपनीचे पहिले वाहन म्हणजे ‘हॅन्सीट’ हा तीनचाकी टेम्पो. जर्मनीत १९४९ मध्ये बाजारात आलेल्या या वाहनाचे तेथील उत्पादन १९५६ च्या सुमारास थांबले होते. महायुद्धानंतरच्या तुटवड्यासाठी घडविलेले वाहन जर्मनीला नकोसे झाले, तेव्हा ते भारतीय गल्लीबोळांच्या उपयोगी आले आणि येथे कित्येक दशके टिकले.

त्याची रचना आजही लक्षात राहण्यासारखी आहे. पुढे एकच चाक; त्याच्यावर सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक इंजिन; इंजिनाची शक्ती साखळीने त्याच पुढच्या चाकाला दिलेली; मागे दोन चाकांवर मोकळा हौदा. इंजिन पुढच्या नाकाडात सामावल्याने मागचा सगळा भाग मालाला मोकळा मिळे, आणि एकाच चाकावर वळत असल्याने गाडी अरुंद बोळातही फिरे. त्या पुढे आलेल्या नाकाडामुळेच लोकांनी तिला ‘डुक्कर रिक्षा’, ‘डुक्कर टेम्पो’ अशी नावे दिली. या नावांत उपहास आहे तशीच जवळीकही आहे. पाळीव जनावराला द्यावे तसे हे नाव आहे.

१९६९ मध्ये याच कंपनीने ‘मॅटाडोर’ ही चारचाकी गाडी आणली. बैलांशी झुंजणाऱ्या स्पॅनिश योद्ध्याचे हे नाव बैलगाडीची जागा घेणाऱ्या वाहनाला मिळावे, हा योगायोग मार्मिक आहे. मालाची उघडी गाडी, बंद डिलिव्हरी व्हॅन, रुग्णवाहिका, शाळेची गाडी, वऱ्हाडाची गाडी अशी अनेक रूपे एकाच सांगाड्यावर चढली. पुढे १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ ने आणि २००५ मध्ये आलेल्या टाटा एसने, म्हणजे लोकांच्या ‘छोट्या हत्ती’ने, या क्षेत्राचा चेहरा पालटला. त्याच २००५ साली बजाज टेम्पो कंपनीचे नामांतर फोर्स मोटर्स असे झाले. कंपनीच्या नावातून ‘टेम्पो’ गेला आणि लोकांच्या बोलीत तो राहिला.

३. प्रदर्शनाची परंपरा : काय दिसते, काय दिसत नाही

भारतात जुन्या मोटारींच्या संघटित प्रदर्शनाला ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या रॅलीपासून प्रारंभ झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबईतही विंटेज व क्लासिक मोटारींच्या मालकांची संघटना दीर्घकाळ कार्यरत असून तिच्या रॅली हा शहराच्या सांस्कृतिक दिनक्रमाचा भाग झाला आहे. २००८ मध्ये मुंबईत कार्तिए या फ्रेंच दागिन्यांच्या पेढीने भरविलेल्या सौंदर्यस्पर्धेने या छंदाला आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, खास बनवून घेतलेल्या शिकारीच्या गाड्या, चांदीचा मुलामा दिलेले दिवे हे या प्रदर्शनांचे मुख्य आकर्षण असते.

या हौशी संग्राहकांचे ऋण नाकारता येणार नाही. सुटे भाग मिळत नसताना ते घडवून घेणे, जुन्या कारागिरांना काम देणे, कागदपत्रे सांभाळणे हे कष्टाचे व खर्चाचे काम त्यांनी स्वतःच्या पदरमोडीने केले आहे. त्यांनी ते केले नसते तर आज आपल्यापुढे काहीच उरले नसते. येथे प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नाही. या प्रदर्शनाची दृष्टी कशी घडली आहे, हा खरा प्रश्न आहे. अशा प्रदर्शनात वाहन मालकाच्या नावाने ओळखले जाते. अमुक महाराजांची, अमुक अभिनेत्रीची, अमुक उद्योगपतीची गाडी असे तिचे वर्णन होते. ती कोणी चालविली, कोणी धुतली, कोणी दुरुस्त केली याचा उल्लेख सहसा नसतो. मालवाहू वाहनाची ओळख मात्र या रीतीने होऊच शकत नाही. त्याची ओळख त्याच्या कामाने होते : ही दुधाची गाडी, ही टपालाची, ही बर्फाची, ही मोंढ्यातली.

ब्रिटनमधील अनुभव या संदर्भात उपयुक्त आहे. तेथे लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची फेरी १८९६ च्या मूळ प्रवासाच्या स्मरणार्थ १९२७ पासून भरत आली. परंतु व्यावसायिक वाहनांच्या चाहत्यांनी १९५८ मध्ये स्वतःची स्वतंत्र संघटना काढली, आणि १९६२ पासून त्याच मार्गावर लॉरी, डिलिव्हरी व्हॅन, बस, अग्निशामक बंब यांची स्वतंत्र फेरी सुरू केली. पुढे १९८३ मध्ये लेलँड या वाहननिर्मितीच्या गावी व्यावसायिक वाहनांचे संग्रहालय उभे राहिले. पावाची व्हॅन, दुधाची गाडी, किराणा पोचविणारी छोटी मोटार यांच्या पत्र्यावरील दुकानदाराचे नाव, पत्ता, मालाची जाहिरात ही त्या वाहनांची खरी श्रीमंती, हे तेथील चाहत्यांनी ओळखले. आपल्याकडे अशी स्वतंत्र दृष्टी तयार होण्यास वाव मिळाला नाही. कारण आपले विंटेजप्रेम दरबाराच्या आठवणीतून जन्मले, बाजाराच्या आठवणीतून नव्हे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर आपल्या प्रदेशाच्या इतिहासाशी जोडलेले एक सार्वजनिक वाहन मात्र जतन झाले आहे. निजाम संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांसह रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. त्या काळातील एक अल्बियन बस हैदराबादेत राज्य परिवहनाच्या मुख्यालयात, बस भवनात, दुरुस्त करून ठेवण्यात आली आहे. मुंबईत बेस्टने आणिक आगारात आपले संग्रहालय जपले आहे. ही दोन्ही उदाहरणे प्रवासी वाहतुकीची व संस्थात्मक आहेत. खाजगी, छोट्या, एकाच मालक-चालकाच्या मालवाहू गाडीला असा कोणी वाली नसतो.

४. ‘मूळ रूप’ म्हणजे कोणते?

येथे लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. जुन्या वाहनाच्या मूल्यमापनाचा सर्वमान्य निकष म्हणजे ते कितपत ‘मूळ रूपात’ आहे हा होय. कारखान्यातून बाहेर पडताना त्याचा जो रंग, जे इंजिन, जी आसने होती ती तशीच असतील तर वाहन श्रेष्ठ; बदल झाले असतील तर कनिष्ठ. खाजगी मोटारीच्या बाबतीत हा निकष बऱ्याच अंशी सयुक्तिक आहे. ती गाडी कारखान्यातून पूर्ण होऊनच बाहेर पडते.

मालवाहू वाहनाचे तसे नाही. ट्रक काय किंवा लहान टेम्पो काय, कारखाना बहुधा सांगाडा, इंजिन आणि पुढचा भाग देत असे. हौदा, फाळके, केबिनचे लाकूडकाम, छत हे गावोगावचे बॉडी बांधणारे सुतार-लोहार करीत. म्हणजे कारखान्याच्या दारात हे वाहन अपुरेच असते. ते पूर्ण होते ते ज्या गावात त्याला काम करायचे त्या गावात, तेथील मालाच्या मापाने. कापसाची गाडी असेल तर फाळका उंच, कारण कापूस हलका आणि जागा खाणारा. वाळू-विटांची असेल तर फाळका बुटका, कारण ओझे लवकर भरते. कडबा वाहायचा तर वर दांड्यांचा सापळा, दुधाचे कॅन वाहायचे तर आडवे कठडे. मालक बदलला, पीक बदलले, की फाळकाही बदले.

सर्वांत बोलका भाग म्हणजे पाटा. गाडीच्या चाकांवर कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे एकावर एक बसविलेले असतात. त्यांची संख्या कारखान्याने ठरविलेली असते. परंतु क्षमतेहून अधिक माल भरण्याची सवय आणि खड्ड्यांचा रस्ता यांमुळे मालक गॅरेजात जाऊन जादा पाटा घालून घेतो. गाडी कडक होते, बसणाऱ्याला हादरे बसतात, पण ओझे पेलते. एखाद्या जुन्या टेम्पोचे पाटे मोजले तर त्या गाडीने कोणते रस्ते पाहिले आणि भाड्याचा दर परवडावा म्हणून किती ओझे वाहिले, याचा अंदाज बांधता येतो. आता ‘मूळ रूपा’च्या आग्रहाने ही गाडी पूर्ववत केली तर पहिली गोष्ट हीच होईल की जादा पाटे काढून टाकले जातील. म्हणजे वाहन सुधारेल आणि त्यातला इतिहास जाईल.

तीच गोष्ट रंगाची आणि अक्षरांची. गाडीच्या मागे लिहिलेली देवतांची नावे, मुलांची नावे, आईवडिलांची कृपा, गावाचे नाव, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव ही एक लोकलेखनाची शाखाच आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रकमागील ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांना मनाई केली तेव्हा ही अक्षरे बातमीचा विषय झाली, अभ्यासाचा मात्र झाली नाहीत. कारखान्याच्या मूळ रंगात नवी कोरी रंगविलेली मॅटाडोर प्रदर्शनात सुबक दिसेल. परंतु ती कोणाचीच नसलेली मॅटाडोर असेल.

कलाविचाराच्या दृष्टीने पाहता हा पेच नवा नाही. ऑस्ट्रियन कलाइतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये स्मारकांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘कालमूल्य’ आणि ‘नवतामूल्य’ यांतील विरोध दाखवून दिला होता. काळाच्या खुणा अंगावर वागविणारी वस्तू एका प्रकारे मोलाची वाटते, तर त्या खुणा पुसून नवीसारखी केलेली वस्तू दुसऱ्या प्रकारे. दोन्ही मूल्ये एकाच वेळी जपता येत नाहीत. आपली विंटेज प्रदर्शने जुन्या वस्तूची असली तरी त्यांचा कल नवतामूल्याकडे आहे. चकाकी हा तेथील गुण आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या चाहत्यांची आंतरराष्ट्रीय महासंघटना असलेल्या ‘फीव्हा’ने २०१२ च्या ट्युरिन सनदेत या प्रश्नाचा अधिक प्रौढ विचार केला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. या सनदेने ऐतिहासिक वाहनांच्या व्याप्तीत मोटारी व मोटारसायकलींबरोबरच कामाच्या वाहनांचाही समावेश केला. जतन, संवर्धन आणि पुनःस्थापन यांत भेद केला. आणि वापराच्या काळात झालेले बदल हेही वाहनाच्या इतिहासाचे साक्षीदार मानले. म्हणजे जादा पाटा हा दोष न ठरता पुरावा ठरू शकतो, अशी भूमिका खुद्द चाहत्यांच्या जगात मान्य झालेली आहे. ती आपल्या प्रदर्शनांच्या मांडणीत मात्र अजून पुरेशी उतरलेली नाही.

५. नियमांची चौकट

हा विचार केवळ रसिकतेपुरता राहिला असता तर त्यात फारसे काही पणाला लागले नसते. परंतु १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘विंटेज मोटार वाहन’ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली वाहने या संज्ञेखाली येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही खास अक्षरे अशी व्यवस्था आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल, इंधन भरणे एवढ्यासाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते.

हौशी संग्राहकांची दीर्घकालीन अडचण या नियमांनी दूर केली, हे स्वागतार्हच आहे. तथापि व्याख्या बारकाईने पाहिली असता ती दुचाकी व चारचाकी वाहनांपुरती, आणि तीही अव्यावसायिक, वैयक्तिक वापराच्या वाहनांपुरती मर्यादित असल्याचे दिसते. तीनचाकी टेम्पो यात दोन कारणांनी बसत नाही : त्याला चाके तीन आहेत, आणि त्याने आयुष्यभर काम केले आहे. १९६९-७० ची मॅटाडोर वयाने पात्र झाली तरी मालवाहू असल्याने बाहेर राहते. आणि एखाद्या चिकित्सक अधिकाऱ्याने ही दोन्ही कारणे दुर्लक्षिली तरी ‘मूळ रूप’ हा तिसरा उंबरठा उरतोच. जिचा हौदा तीनदा बदलला, इंजिन दोनदा उतरले, त्या गाडीला मूळ रूप कोठून असणार?

दुसऱ्या बाजूने त्याच २०२१ साली, १३ ऑगस्ट रोजी, जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. व्यावसायिक वाहनांना १५ वर्षांनंतर योग्यता चाचणीचा कडक टप्पा आणि खाजगी वाहनांना २० वर्षांनंतर, असा त्यात फरक केलेला आहे. दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. धनिकाची मोटार वयोवृद्ध झाली की तिला सन्मानाचा क्रमांक मिळण्याची वाट आहे. मालवाहू गाडी वयोवृद्ध झाली की तिला भंगाराचीच वाट आहे. नियमकर्त्यांचा असा हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु व्याख्येचा परिणाम हाच आहे.

६. काही आक्षेप व त्यांचा विचार

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला पर्यावरणाचा व सुरक्षिततेचा. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर, खिळखिळे ब्रेक, क्षमतेहून अधिक ओझे या गोष्टींचे समर्थन कोणीही करणार नाही. जुनी मालवाहू वाहने धंद्यासाठी रस्त्यावर राहावीत, असे येथे सुचवावयाचे नाही. सांभाळण्यासाठी वाहन चालू असावेच लागते असे नाही. आणि चालू ठेवायचे तरी वर्षातून चार दिवस प्रदर्शनापुरते फिरण्याने हवेवर फारसा परिणाम होत नाही. विंटेज मोटारींच्या बाबतीत नियमांनी हे मान्य केलेच आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. मोटार बंगल्याच्या आवारात मावते. टेम्पो कोठे ठेवायचा? ज्याच्या घरात हप्त्यांचे ओझे होते त्या चालकाने भंगाराचे रोख पैसे का नाकारावेत? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच येथे हौशी व्यक्तींपेक्षा संस्थांची जबाबदारी अधिक आहे, असे वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून तो बीड जिल्ह्यातील वाचकाला विशेष जाणवेल. मालवाहू गाडीच्या गौरवात तिच्याशी जोडलेले हाल झाकले जाण्याचा धोका आहे. दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. त्यांच्या संसाराची भांडी, शेळ्या, लेकरे ज्या ट्रक-ट्रॅक्टरांत भरून जातात ती वाहने मालासाठी बनलेली असतात, माणसांसाठी नव्हे. अशा गाडीला फुलांच्या माळा घालून रॅलीत उभे करणे हे या इतिहासाची थट्टा केल्यासारखे होईल. या आक्षेपाचे निराकरण गाडी न जपण्यात नाही. तिच्यासोबत माणसांची नोंद जपण्यात ते आहे. ज्या १९६९ साली मॅटाडोर आली त्याच साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला, ही गोष्ट प्रदर्शनातील फलकावर गाडीच्या अश्वशक्तीशेजारी लिहिली गेली पाहिजे. गाडी भरणारा हमाल आणि गाडीवरचा किन्नर यांच्यावाचून मालवाहू वाहनाची कथा अर्धीच राहते.

७. जतनाची वेगळी वाट

मराठी समाजाला सामान्य वस्तूचे मोल ठाऊक नाही, असे मुळीच नाही. पुण्याच्या डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वज्री, पानाचे डबे, स्वयंपाकघरातील भांडी अशा वापराच्या वस्तू गोळा करून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले. त्यांच्या संग्रहातील अडकित्त्याची धार बोथट झालेली असली तरी कोणी ती पुन्हा लावून घेत नाही. झिजलेली मूठ हाच त्या अडकित्त्याचा इतिहास आहे, हे तेथे गृहीत आहे. वाहनाच्या बाबतीत हीच दृष्टी स्वीकारणे एवढेच आपल्याला करावयाचे आहे.

कामाची वस्तू रूप बदलत जगते, याची आणखी दोन उदाहरणे देता येतील. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नसल्याने राज्य परिवहन महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे रूपांतर मालवाहू ट्रकांत करून मालवाहतूक सुरू केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या बसपासून सुरू झालेल्या एसटीच्या इतिहासात हे रूपांतर एक महत्त्वाचे पान आहे. अशी एखादी गाडी उद्या संग्रहालयात ठेवायची झाली तर ती पुन्हा बस करून ठेवावी काय? अर्थातच नाही. दुसरे उदाहरण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविल्या गेलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचे. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतील सिनेमाचा शेवटचा काळ त्यात टिपला आहे. प्रक्षेपणयंत्र वाहणारी जुनी लॉरी तेथे गंजलेली, कुरकुरणारी अशीच दिसते. आणि म्हणूनच ती विश्वसनीय वाटते. जतन करण्याची ही देखील एक रीत आहे.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांना पुढील गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. परिसरात उरलेल्या जुन्या टेम्पो, मॅटाडोर, ट्रक यांची छायाचित्रे, मापे आणि १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरांच्या नोंदणीक्रमांकांसह नोंदवही तयार करणे. निवृत्त चालक, किन्नर, हमाल, बॉडी बांधणारे सुतार, अक्षरे रंगविणारे पेंटर यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे. आणि हौदा, फाळका, पाटा, खेप, ताडपत्री, हमाली, तोलाई या व्यवसायातील शब्दांचा कोश करणे. इतिहास, वाणिज्य, भौतिकशास्त्र आणि मराठी या चारही विभागांना यात आपापला वाटा उचलता येईल. रॅलींच्या आयोजकांनी कामाच्या वाहनांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवून चकाकीऐवजी वापराच्या इतिहासाला गुण द्यावेत. आणि नियमांत दुरुस्ती करून तीनचाकी व मालवाहू वाहनांना किमान प्रदर्शनापुरती नोंदणी मिळावी, अशी मागणी अभ्यासकांनी केली पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, आपल्या विंटेज प्रदर्शनांत मालवाहू वाहनांचे स्थान अल्प असण्यामागे मालकाच्या प्रतिष्ठेवर आधारलेली दृष्टी आहे. दोन, ‘मूळ रूप’ हा निकष मालवाहू वाहनाला लावता येत नाही. कारण असे वाहन कारखान्यात अपुरे असते आणि वापरातून पूर्ण होते. तीन, २०२१ च्या नियमांनी हाच निकष आणि अव्यावसायिक वापराची अट यांना कायद्याचे रूप दिल्याने टेम्पो-मॅटाडोरसारखी वाहने वारसा ठरण्याची वाट बंद झाली आहे. चार, या वाहनांचे जतन त्यांच्या झिजेसह आणि त्यांच्यावर राबलेल्या माणसांच्या नोंदीसह व्हावयास हवे.

वेळ थोडा आहे. हॅन्सीट चालविलेली पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि मॅटाडोरचे सांगाडे गॅरेजांच्या मागील बाजूस बाभळीखाली गंजत आहेत. भंगाराचा व्यापारी ते किलोच्या भावाने नेईल, तेव्हा त्याच्यासोबत जादा घातलेला पाटा आणि पत्र्यावर रंगविलेले कोणाच्या तरी मुलीचे नावही जाईल. गावोगावच्या मोंढ्यांत उद्याही कोणीतरी ‘टेम्पो आला का?’ असे विचारीलच. तो शब्द कोठून आला, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दाखविण्यासाठी आपल्यापाशी निदान एक गाडी असावी, एवढीच अपेक्षा.